पुरातत्त्वीय पूर्वपाहणी, बांधकामपूर्व

कारखाना, गोदी, धरण, लोहमार्ग, भुयारी मार्ग किंवा मोठी इमारत उभारण्यापूर्वी नियोजित जागेवर व जागेखाली पूर्वकालीन वस्तीचे, वास्तूंचे अथवा निसर्गेतिहासाचे अवशेष आहेत काय, असल्यास ते किती खोलीवर व किती विस्ताराचे आहेत आणि बांधकामामुळे त्यांची कोणती हानी होईल, हे ठरविण्यासाठी केलेली पद्धतशीर तपासणी. उत्खननापासून ही पाहणी वेगळी आहे. उत्खननात संशोधक आपल्या प्रश्नानुसार जागा निवडतो. पूर्वपाहणीत जागा अभियंत्याने आधीच निवडलेली असते आणि वेळही त्यानेच ठरवून दिलेला असतो. स्मारकसंरक्षणापासूनही ती वेगळी आहे. संरक्षण हे ज्ञात वस्तूचे असते. पूर्वपाहणीचा विषय अद्याप अज्ञात असलेली वस्तू हा होय. [⟶ उत्खनन, पुरातत्त्वविद्या].

या दृष्टीने मुंबई बेटाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. गेल्या दीडशे वर्षांत या बेटावर गोद्या, गिरण्या, लोहमार्ग, भरणीच्या योजना, उत्तुंग इमारती व भुयारी मेट्रो यांसाठी जेवढी जमीन उकरली गेली, तेवढी महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र उकरली गेली असेल. बेटाच्या प्राचीन इतिहासाचे काही महत्त्वाचे पुरावे या खोदकामांतूनच हाती आले. तथापि ते शोधून मिळालेले नाहीत, आडवे आले म्हणून मिळाले. त्यामुळे वस्तू राहिली, परंतु तिच्याभोवतालची माती, तिच्यासोबतच्या खापऱ्या आणि तिच्या वरखालचे थर, म्हणजेच तिचा संदर्भ, बहुतेक वेळा नाहीसा झाला.

याचे पहिले ठळक उदाहरण प्रिन्सेस डॉकचे आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली आणि त्यानंतर माझगावच्या दक्षिणेस बांधलेली ही गोदी १८८० मध्ये वापरात आली. तिचे खोदकाम चालू असता १८७८ च्या सुमारास सागरी चिखलाच्या थराखाली वृक्षांचे बुंधे आढळू लागले. बांधकामावरील अभियंता ऑर्मिस्टन याने ते केवळ उपटून फेकू दिले नाहीत, तर मोजले. एकूण ३८२ वृक्षांची नोंद झाली. त्यांपैकी २२३ जागच्या जागी उभे, तर उरलेले आडवे पडलेले होते. लाकूड मुख्यतः खैराचे होते. खैर हा कोरड्या जमिनीवरील वृक्ष असल्याने, त्याची मुळे ओहोटीच्या पातळीखाली सापडणे याचा अर्थ बेटाचा पूर्व किनारा भूवैज्ञानिक दृष्ट्या अलीकडच्या काळात खचला, असा लावण्यात आला. हा वृत्तांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९१४ मध्ये पूर्ण झालेल्या अलेक्झांड्रा डॉकच्या (आताची इंदिरा गोदी) खोदकामातही याच बुडालेल्या अरण्याचा विस्तार दिसून आला.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कामावरील एका जागरूक माणसाने मोजणी केल्यामुळे ती नोंद आजही उपयोगी पडते. दुसरी अशी, की त्याच वर्षी, म्हणजे १८७८ मध्ये, भारतीय निखात निधी अधिनियम संमत झाला. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास दिली पाहिजे, असे तो सांगतो. खैराच्या बुंध्याला बाजारात फारशी किंमत नसल्याने कायद्याला त्याचे कर्तव्य नव्हते. सोन्याचे नाणे शोधणाऱ्या कायद्याच्या नजरेतून चिखलाचा थर सुटतो, ही उणीव तेव्हापासूनची आहे.

परळचे उदाहरण अधिक मार्मिक आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसजवळ शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातील इ. स. ११८७ चा शिलालेख मिळाला होता. तो संस्कृत असून त्याच्या अखेरीस मराठीतील शापवचन असल्यामुळे मराठी भाषेच्या इतिहासातही त्याचा उल्लेख येतो. गव्हर्नमेंट हाउसची ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील जेझुइटांचे प्रार्थनामंदिर होती आणि ते त्याहून जुन्या शिवमंदिराच्या जागेवर उभारले गेले, असे परंपरा सांगते. १८९९ पासून तेथे हाफकिन यांची प्रयोगशाळा, म्हणजे पुढील हाफकिन संस्था, आहे. १९३१ मध्ये परळ–शिवडी भागात रस्ता तयार करीत असता सु. साडेतीन मी. उंचीची एक अखंड शिळा बाहेर आली. तीवर मध्यभागी उभा शिव, त्याच्यातूनच वर निघालेल्या आणखी दोन मूर्ती व दोन्ही बाजूंना फांद्यांसारख्या फुटलेल्या चार मूर्ती अशा सात आकृती असून पायाशी वादक गण आहेत. शैलीवरून तिचा काळ इ. स. पाचवे–सहावे शतक असा मानला जातो आणि घारापुरीच्या शिल्पांशी तिचे नाते जोडले जाते. शिळा जवळच्या बारादेवी मंदिरात नेण्यात आली. तेथे ती पूजेत असून तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

‘शैलीवरून’ हा शब्द येथे लक्षात घेण्यासारखा आहे. ही शिळा एखाद्या मंदिरातील होती की घडवता घडवता सोडून दिलेली होती, तिच्याभोवती विटांचे अथवा दगडांचे बांधकाम होते काय, कोणत्या प्रकारची खापरे तिच्याबरोबर होती, या प्रश्नांची उत्तरे रस्त्याच्या त्या चरात होती. चर भरला गेला, रस्ता झाला आणि कालनिर्णयासाठी कलासमीक्षकाच्या दृष्टीखेरीज आधार उरला नाही. एका किलोमीटरच्या आसपासच्या परिसरात सहाव्या शतकाचे शिल्प व बाराव्या शतकाचा लेख मिळतो, याचा अर्थ परळच्या उंचवट्यावर सहा-सातशे वर्षे महत्त्वाचे धर्मस्थान किंवा वस्ती असण्याचा संभव मोठा आहे. रुग्णालये, संशोधनसंस्था, जुन्या चाळी व गिरण्यांच्या जागा यांनी व्यापलेल्या या परिसरात पुनर्बांधणी सतत चालू असते. मुंबईत पूर्वपाहणीचा आरंभ एकाच ठिकाणी करावयाचा झाल्यास तो येथे करणे युक्त ठरेल.

मुंबईची भूमी : पूर्वपाहणीसाठी या बेटाची जमीन सरसकट एकाच प्रकारची समजून चालत नाही. मूळची सात बेटे जोडून आणि त्यांमधील खाजणे भरून आजचे बेट बनले. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास वरळीजवळची मोठी खिंड बंद केली आणि महालक्ष्मी, ताडदेव, भायखळा येथील सखल पट्टा हळूहळू वापरात आला. त्यामुळे परळ, शिवडी, नायगाव, माझगाव व डोंगरी येथील खडकाळ उंचवटे ही जुनी कोरडी भूमी, तर लोअर परळपासून ताडदेवपर्यंतचा बराचसा भाग ही भरीव भूमी होय. गिरण्या दोन्ही प्रकारच्या जमिनींवर उभ्या राहिल्या. लालबाग व परळच्या उंच भागातील गिरणीच्या पायाखाली प्राचीन थर असू शकतो. सखल भागातील गिरणीखाली बहुधा आधी मुरूम, राख व शहराचा केरकचरा आणि त्याखाली खाजणाचा निळसर-काळा चिखल मिळतो. एकोणिसाव्या शतकात सखल भाग भरण्यासाठी शहराचा केर वापरला जात असे. तो त्या काळच्या बशा, बाटल्या, चिलमी, हाडे व धातूचे तुकडे यांचा साठा असल्याने नागरी जीवनाच्या अभ्यासकाला निरुपयोगी नाही.

भरीव जमिनीत मात्र एक फसगत संभवते. बॅकबेच्या भरणीसाठी कांदिवलीच्या खाणींतून दगडमाती आगगाडीने आणली गेली. त्याच कांदिवलीच्या परिसरात नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली व १९३९ मध्ये त्यांनी त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा मरीन ड्राइव्हच्या भरणीत उद्या एखादे दगडी हत्यार सापडले, तर तेथे अश्मयुगीन माणूस राहत होता असे कोणी म्हणू नये. ते पंचवीस-तीस किमी. अंतरावरून वाघिणीतून आलेले असू शकते. भरणीचा उगम जाणून घेणे हा म्हणून येथील पाहणीचा आवश्यक भाग ठरतो.

गिरगावची स्थिती आणखी निराळी आहे. मूळ मुंबई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाळूच्या पट्ट्यावर नारळीपोफळीच्या वाड्या होत्या. फणसवाडी, केळेवाडी, खोताची वाडी या नावांत त्यांची आठवण आहे. येथे खोल थरांपेक्षा विहिरी व तलाव अधिक महत्त्वाचे आहेत. धोबीतलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव ही आता केवळ नावे असून तलाव केव्हाच बुजले. बुजलेल्या तलावाचा गाळ ओलसर व हवाबंद राहिल्यास त्यात लाकूड, कातडे, बिया व परागकण टिकतात, जे कोरड्या मातीत सहसा टिकत नाहीत. वापर थांबलेल्या विहिरीतही वरपासून तळापर्यंत एका घराण्याचा किंवा वाडीचा संसार क्रमाने साठलेला असतो. पायधुनी, उमरखाडी यांसारखी नावे जुन्या खाड्यांच्या खुणा सांगतात. स्थलनामांचा अभ्यास हा म्हणूनच केवळ भाषाशास्त्राचा विषय नाही.

कोट विभागातील जमिनीखाली तटबंदीचे पाये आहेत. १८६० नंतरच्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असता, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. परंतु पाडणाऱ्यांनी सामान्यतः जमिनीवरचे तेवढे पाडले. सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळील अवशेष तेवढा आज वर दिसतो. कोटाच्या दक्षिणेकडील मेंढम्स पॉइंट येथील इंग्रजांच्या पहिल्या दफनभूमीची तर वर खूणही नाही. अलीकडच्या काळाचेही असेच झाले आहे. मुंबईतील ट्राम १९६४ मध्ये बंद झाली आणि फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी तिचे रूळ डांबराखालून वर आले. सेंट टॉमस कॅथीड्रलपासूनची अंतरे सांगणारे जुने मैलाचे दगडही रस्त्याची पातळी वाढत गेल्याने अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक गाडले गेले होते. या शहरात शंभर-दीडशे वर्षांत जमीन किती चढते, याचे ते आयतेच माप होय.

पाहणीची पद्धती : पहिला टप्पा कागदोपत्री अभ्यासाचा. मुंबईसाठी याची साधने विपुल आहेत. डिकिन्सन यांचे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील सर्वेक्षण व लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेले मोठ्या प्रमाणावरील सर्वेक्षण यांत प्रत्येक विहीर, बांध, तलाव व देऊळ दाखविलेले आढळते. नियोजित बांधकामाचा आराखडा या नकाशांवर ठेवून पाहिला, तर अर्धे काम कुदळ न उचलताच होते. त्याबरोबर गॅझेटिअर, जमीनमहसुलाची कागदपत्रे, जुनी छायाचित्रे व परिसरातील वृद्धांची माहिती एकत्र केली जाते. देवळाच्या पारावर मांडलेल्या झिजलेल्या शिळा, वीरगळ व गद्धेगाळ यांचीही नोंद केली जाते. कारण अशा शिळा सहसा फार दुरून आणलेल्या नसतात.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष जागेचा. उघड्या शेतजमिनीवर पृष्ठभागावरील खापऱ्या गोळा करून बरेच कळते. फरसबंदी आणि डांबराखालील शहरात ही पद्धत लागू पडत नाही. भूवेधी रडार कोरड्या वाळूत वा मुरुमात उपयोगी असले, तरी खाऱ्या पाण्याने भिजलेल्या चिखलात त्याच्या लहरी लवकर शोषल्या जातात, म्हणून मुंबईच्या सखल भागात त्यावर फारसे विसंबता येत नाही. येथे सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे पायाच्या परीक्षणासाठी घेतलेली छिद्रे. प्रत्येक मोठ्या इमारतीपूर्वी खडक किती खोल आहे हे पाहण्यासाठी अभियंता जमिनीत छिद्रे घेतोच आणि निघालेले मातीचे नमुने पेट्यांत क्रमाने ठेवतो. त्याच्या अहवालात वरचा चार-पाच मीटरांचा भाग बहुधा ‘भरणीची माती’ या दोन शब्दांत संपतो. तेच नमुने पुरातत्त्वज्ञाने पाहिले, तर त्यात कोळसा, शंख, विटांचा चुरा, जुनी कुजकी माती किंवा गाळ यांचा क्रम लावता येतो आणि नवीन खोदकामाचा खर्च येत नाही. प्रिन्सेस डॉकखालील अरण्याचा विस्तार अशा छिद्रांतून पूर्व किनाऱ्यावर आणखी कोठवर जातो, हे आजही तपासता येईल.

संशय बळावल्यास चाचणी खंदक घेतले जातात. ते संपूर्ण जागेवर न घेता आराखड्यात खोल पाया येणार असलेल्या ठिकाणी घेणे शहाणपणाचे ठरते. यावरून तीनांपैकी एक निर्णय होतो : आराखड्यात बदल करून अवशेष जागेवरच राहू द्यावयाचे, बांधकामापूर्वी रीतसर उत्खनन करून नोंद घ्यावयाची व मग जागा मोकळी करावयाची, अथवा खोदकाम चालू ठेवून तज्ज्ञाची देखरेख ठेवावयाची. सर्वच काही राखावे, असा पुरातत्त्वज्ञाचा आग्रह असतो ही समजूत बरोबर नाही. बहुसंख्य जागांबाबत उत्तम नोंद हेच पुरेसे संरक्षण असते. ज्या जागी काहीच नाही, तेथे काहीच नाही असे लिहून देणे हाही पाहणीचा निष्कर्षच आहे आणि बांधकाम करणाऱ्याला तोच सर्वांत हवा असतो.

देखरेखीचा टप्पा कागदावर सोपा, व्यवहारात अवघड आहे. अवशेष प्रथम पाहतो तो यंत्रचालक अथवा मजूर. काम थांबेल या धास्तीने ठेकेदार सापडलेली वस्तू सांगण्यास कचरतो. मुकादमाला रोजच्या घनमीटरांचा हिशेब द्यावयाचा असतो. म्हणून पाहणी निविदेच्या आधी होणे व खोदकामातील संभाव्य खंडासाठी करारातच मुदत ठेवणे, ही तरतूद कोणत्याही दंडापेक्षा परिणामकारक ठरते. शिवाय मूर्ती सापडल्यास ती बहुधा त्याच दिवशी शेंदूर लागून पूजेत जाते. बारादेवीच्या अनुभवावरून हे अपेक्षितच धरले पाहिजे. अशा वेळी वस्तू हलविण्यापूर्वी जागेचे मोजमाप व छायाचित्र झाले, तर पूजा आणि अभ्यास यांत विरोध येण्याचे कारण नाही.

कायदेशीर स्थिती : प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संरक्षित होतात. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मी. पर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मी. चे क्षेत्र विनियमित आहे. त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस लागते. परळचे शिल्प अशा संरक्षित स्मारकांत मोडते. येथे एक विसंगती दिसते. संरक्षणाचे हे अंतर शिल्प आज जेथे आहे त्या मंदिरापासून मोजले जाते, १९३१ मध्ये ते जेथून निघाले त्या चरापासून नव्हे. शिल्प जेथे नेऊन ठेवले, तेथील जमिनीखाली काही असेलच असे नाही. परंतु तेथील घरांच्या पुनर्बांधणीवर बंधन येते. ते मुळात जेथे होते त्या जागेला स्वतःचे असे कोणतेही संरक्षण मिळत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या १९६० च्या अधिनियमान्वये शिवडी, वरळी, माहीम व धारावी येथील किल्ले यांसारख्या वास्तू राज्यसंरक्षित आहेत. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा विनियम लागू झाले. शहरातील वास्तू व परिसर यांना श्रेणी देऊन संरक्षण देणारे अशा प्रकारचे ते भारतातील पहिलेच विनियम होत. त्यांचा लाभ निःसंशय मोठा झाला. पण तेही दिसणाऱ्या वास्तूंपुरतेच आहेत. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधकामास पूर्वमंजुरी लागते आणि अर्जाच्या नमुन्यात सांस्कृतिक मूल्यासाठी संरक्षित असलेल्या क्षेत्रांची १५ किमी. पर्यंतची माहिती विचारलेली असते. संरक्षित क्षेत्रे कोणती, एवढाच तो प्रश्न आहे. जमिनीखाली काय असू शकेल, हे शोधण्याचे बंधन त्यातून येत नाही. लोहमार्ग व मेट्रो हे प्रकार तर या अधिसूचनेच्या अनुसूचीतच नाहीत. थोडक्यात, १९३१ पूर्वी परळचे शिल्प ज्या अवस्थेत होते, त्या अवस्थेतील वस्तूला आजचे हे कायदेही ओळखत नाहीत.

मेट्रो मार्गिका ३ : कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही सु. ३३.५ किमी. लांबीची भुयारी मार्गिका कोट, काळबादेवी, गिरगाव, वरळी व दादर या जुन्या वस्त्यांखालून जाते. २०२४ व २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने खुली झाली. भुयार यंत्राने खडकातून कोरले जात असल्याने ते मानवी वस्तीच्या थरांच्या बरेच खालून जाते व त्यांना धक्का लावीत नाही. थर कापले जातात ते स्थानके, प्रवेशमार्ग व यंत्र उतरविण्याचे खड्डे येथे. म्हणजे मार्ग लांब असला, तरी पुरातत्त्वीय दृष्ट्या तपासावयाच्या जागा मोजक्याच असतात. या प्रकल्पात जनतेचे व न्यायालयाचे लक्ष मुख्यतः जमिनीवरील वारशाकडे राहिले. कोटातील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीला कंपनांमुळे पोहोचू शकणाऱ्या हानीचा प्रश्न २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. गिरगाव–काळबादेवी येथील जुन्या इमारती पाडून रहिवाशांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही दीर्घकाळ गाजला. इमारतींचे कंपन मोजण्यासाठी जशी उपकरणे लावली जातात, तशी खड्ड्यांच्या भिंतींवरील थरांची रेखाटने करण्याची प्रथा मात्र येथे रूढ झालेली नाही.

इतर देशांत व भारतात अन्यत्र : बांधकामामुळे ओढवणाऱ्या नाशाआधी पुरातत्त्वीय काम करण्याची मोठी उदाहरणे प्रथम धरणांची आहेत. आस्वान धरणामुळे बुडणाऱ्या न्यूबियातील अवशेषांसाठी युनेस्कोने १९६० मध्ये मोहीम सुरू केली व अबू सिंबेलची मंदिरे उचलून वर बसविण्यात आली. त्याआधीच भारतात नागार्जुनसागर प्रकल्पाखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंडा येथे १९५४ ते १९६० या काळात विस्तृत उत्खनन होऊन निवडक वास्तू टेकडीवर हलविल्या गेल्या. भारतीय पुरातत्त्वज्ञांना हे काम जमत नाही, असे म्हणता येणार नाही. नदीखोऱ्यात जे जमले, ते शहरात नियमाने बंधनकारक केले गेले नाही. इंग्लंडमध्ये १९८९ साली लंडन येथे रोज या नाट्यगृहाचे अवशेष एका कार्यालयीन इमारतीच्या पायाखाली निघाले व मोठा वाद झाला. पुढील वर्षीच्या शासकीय मार्गदर्शक सूत्रांनी बांधकामाच्या परवानगीपूर्वी पुरातत्त्वीय मूल्यमापन मागण्याची पद्धत रूढ केली. तिचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसावयाचा असतो. याच धोरणाखाली लंडनच्या क्रॉसरेल मार्गावर लिव्हरपूल स्ट्रीट येथील जुन्या दफनभूमीतून २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक सांगाडे रीतसर नोंदून काढले गेले आणि लोहमार्गही झाला. यूरोपीय राष्ट्रांचा व्हॅलेटा करार (१९९२) याच तत्त्वावर आधारलेला आहे.

गिरण्यांच्या जागा : मुंबईतील या विषयाचे ते सर्वांत मोठे व वेगाने संपत आलेले क्षेत्र होय. ताडदेव येथे कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे लालबाग, परळ, काळाचौकी, भायखळा, वरळी व दादर या भागांत गिरणगाव वसले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ५८ गिरण्यांची सु. ६०० एकर (सु. २४० हे.) जमीन विकासासाठी मोकळी होऊ लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम, त्यातील २००१ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय यांनंतर बहुतेक ठिकाणी व्यापारी संकुले व उत्तुंग मनोरे आले. चर्चा झाली ती मोकळ्या जागेच्या, कामगारांच्या घरांच्या व चटईक्षेत्राच्या वाटणीची; आणि ती रास्तच होती. गिरणीची वास्तू हा स्वतः एक पुरावा आहे, हा विचार उशिरा पुढे आला.

गिरणीचे अवशेष वर दिसतात तेवढेच नसतात. चिमणी व करवतीच्या दात्यांसारखे छप्पर सर्वांना परिचित असते. पण एंजिनघराचा दगडी पाया, बॉयलरपासून चिमणीपर्यंत जाणारा धुराचा भुयारी मार्ग, संघनकासाठी पाणी पुरविणारे तलाव व त्यांना जोडणारे नळ, रंगखात्याची गटारे हे सारे जमिनीखाली असते. वाफेच्या एंजिनाऐवजी विजेच्या मोटारी केव्हा आल्या, खाती कशी हलविली गेली, शेडवर शेड कशी वाढत गेली, हे छापील अहवालांपेक्षा या पायांवरून अधिक नेमके कळते. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यात सामान्यतः शंभर वर्षांची अट आहे. जुन्या गिरण्यांनी ती केव्हाच ओलांडली असली, तरी यंत्रसामग्री बहुतांशी मोडीत गेली. पाडकामापूर्वी प्रत्येक खात्याचा मोजून काढलेला आराखडा, पाडताना पायांची नोंद आणि तेथे काम केलेल्या साचेवाल्या, बॉयलरवाल्या कामगारांकडून खात्यांची नावे व यंत्रांच्या जागा यांची माहिती, असा तिहेरी क्रम येथे पूर्वपाहणीने घ्यावयास हवा. यांतील तिसरे साधन वयामुळे दर वर्षी कमी होत आहे. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची योजना महानगरपालिकेने आखली आहे. तेथील शेड, चिमणी व तलाव एकत्र असल्याने अशा नोंदीसाठी ती जागा सोयीची आहे.

स्थळांची सूची हा या साऱ्या कामाचा पाया होय. साष्टी बेटासाठी २०१५ नंतर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातील पुरातत्त्व केंद्राने साठ्ये महाविद्यालय आदींच्या सहकार्याने समन्वेषण हाती घेतले व गावोगावच्या शिळा, तळी, मंदिरे आणि स्थलनामे यांची नोंद केली. दक्षिण व मध्य मुंबईतील जुनी कोरडी भूमी, बुजलेले तलाव, विहिरी, दफनभूमी, तटबंदीची रेषा व गिरण्यांची भुयारे दाखविणारा एकच नकाशा जुन्या सर्वेक्षणांवरून तयार करता येण्याजोगा आहे. बांधकामाच्या परवानगीसाठी आलेला आराखडा अशा नकाशावर ठेवून पाहण्यास इमारत प्रस्ताव विभागातील अधिकाऱ्याला काही मिनिटे पुरतील.